दारफाळणीच्या सांजेची थाप

निशी-कसाई, तोक्यो
१८ मे २००३

केतुरा हिस शालोम मुसाजी वाकरूळकर याजकडून आशीर्वाद.

तू मला ओळखत नाहीस. मी तुझ्या वडलांच्या, हसाजीकाकांच्या, थोरल्या भावाचा मुलगा. आपल्या दोन घरांत पन्नासाहून जास्त वर्षं बोलणं नाही, आणि मीही लिहिलं नसतं. तुझा पत्ता ठाण्याच्या आपल्या मशिदीतल्या एका बाईंनी दिला. मला इथे भीती वाटते आणि ती सांगायला माणूस नाही.

माझा मुलगा रूबेन इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. बायको गेल्यापासून मी पेणला एकटा होतो, म्हणून त्याने मार्चात मला इथे आणलं. मी एसटीच्या वर्कशॉपात हयात काढलेला, सातवी नापास माणूस. इमारतीत मराठी लोक आहेत, पण त्यांना आपलं काही सांगायला जावं तर गोंधळ होतो. वरच्या मजल्यावरची चारुता विचारत होती, पेणला वेळ कसा घालवायचात. मी म्हटलं, शनिवारी मशिदीत. ती म्हणाली, "काका, तुम्ही मुस्लिम? मग आडनाव वाकरूळकर कसं?" मी म्हटलं, "बाई, आम्ही यहुदी. देवळाला मशीद म्हणतो. वाडवडील शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनिवारतेली म्हणतात ते आम्ही." "अय्या, म्हणजे तेली?" पुढे मी सोडून दिलं.

इथे जमीन हलते. मी आल्यापासून दोन-तीनदा हलली. माझी नात नुपूर नऊ वर्षांची आहे. हलायला लागलं की ती आधी धावत जाऊन बाहेरचं दार उघडते आणि फटीत चप्पल अडकवते. चौकट वाकली की दार उघडत नाही, माणसं आत अडकतात, असं शाळेत शिकवलंय. मी कॉटखाली शिरायला बघतो, तर मला म्हणते, "आजोबा, आधी दार, मग तुम्ही."

पण भीती त्याची नाही. शेजारच्या दारात इशिकावा-सान म्हणून म्हातारा राहतो, ऐंशीच्या वरचा, एकटा. सूनबाई नोकरीवरून येईपर्यंत नुपूर त्याच्याकडे बसते. पहिल्या दिवशी आम्ही हिंदुस्थानातले हे कळल्यावर तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "पानी. जल्दी. काम करो. सलाम." जपान्याला हे शब्द कुठून आले? हिंदी शिपायांकडून काम करून घेतलं असेल, तोच हे शिकणार.

आपले आजोबा एलोजी पहिल्या लढाईत इंग्रजांकडून तुर्कांशी लढताना मेसोपोटेमियात गेले. आजी सांगायची, बगदादचे यहुदी समोर तुर्कांच्या फौजेत होते. कबर नाही. दुसऱ्या लढाईत त्यांचे दोन मुलगे एकाच पलटणीत सिंगापूरला. सिंगापूर पडलं आणि तुझे वडील आझाद हिंद फौजेत गेले, म्हणजे जपान्यांबरोबर, आणि जपानी हिटलरचे दोस्त. माझे वडील गेले नाहीत. ते जपान्यांच्या कैदेत मेले. कुठे, कधी, सरकारने कळवलं नाही. बापाच्या तिथीला मुलाने कदिशची प्रार्थना म्हणायची, पण तिथीच नाही तर मी म्हणणार कधी? मी अडुसष्ट वर्षांचा झालो आणि तेवढं एक काम माझ्या हातून झालेलं नाही.

तुझे वडील जिवंत परत आले. काही बोलले असतील. माझ्या बापाचं काय झालं, आणि या माणसापासून माझ्या नातीला धोका आहे का, एवढं लिही.

शालोम


दिमोना
९ जून २००३

शालोमदादा,

पत्र मिळालं. मराठी लिहायला बाबांनी शिकवलं, चुकलं असेल तर चालवून घ्या.

माझी मुलगी म्हणाली, "ज्या घराने आजोबांना दारातून परत पाठवलं, त्या घराला उत्तर कशाला?" मी म्हटलं, माणूस घाबरलाय. घाबरणं आम्हाला कळतं. इथे बसमध्ये बाँब फुटतात, म्हणून चढताना मी आधी सगळ्यांच्या पिशव्या बघते. मुलगा राखीव फौजेत आहे. घरातला फोन वाजला की मी उचलत नाही, नवऱ्याला उचलायला लावते.

बाबा इथे इस्राएलात, दिमोनाच्या कापडगिरणीत होते. एक्याऐंशी साली वारले. लढाईचं बोलत नसत. कुणी टोचून विचारायचं, "हसाजी, तू हिटलरच्या दोस्तांकडून लढलास ना?" तर म्हणायचे, "मी माझ्या देशाकडून लढलो," आणि चहा अर्धा ठेवून उठायचे. पेणचे लोक हार घालायला तयार होते आणि आपलीच माणसं दार उघडेनात, असं एकदा म्हणाले. ते दार तुमचं. तुमच्या आईने त्यांना बाहेर उभं ठेवलं. म्हणून ते मुंबईला गेले, तिथे लग्न केलं, आणि मी पाच वर्षांची असताना आम्हाला घेऊन इकडे आले.

तुमच्या वडलांचं मला काही ठाऊक नाही.

शेजारच्या म्हाताऱ्याचं म्हणाल तर नातीला विचारा, तिला त्याची भीती वाटते का. मुलांना आधी कळतं.

केतुरा


निशी-कसाई
२ जुलै २००३

केतुरा,

माझ्या आईबद्दल तू लिहिलंस ते खरं नाही. हसाजीकाका आमच्या दारात कधी आलेच नाहीत. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. घरात आई, आजी आणि मी. कुणी आलं असतं तर मला कळलं नसतं का? आजी तर रोज संध्याकाळी वाटेकडे बघत बसायची. एक गेला, दुसरा तरी येईल, म्हणायची. तो आला असता तर ती धावत गेली असती. ती त्याची आई होती. तुझ्या वडलांनी तुला काहीतरी वेगळं सांगितलं किंवा तुझ्या ऐकण्यात चूक झाली.

नुपूरला मी विचारलं. ती म्हणाली, "ओजीई-चान मला टोमॅटोच्या रोपांना पाणी घालू देतात. त्यात भ्यायचं काय?" शेजारच्या म्हाताऱ्याला ती ओजीई-चान म्हणते, म्हणजे आजोबा. तरी मी तिचं जाणं बंद केलं. आता ती माझ्याशी बोलत नाही, बोललीच तर जपानीत. रूबेन म्हणतो, "पप्पा, लढाई संपून किती वर्षं झाली." त्याला सोपं आहे. त्याला आजोबा नव्हतेच.

आता जी खरी भीती आहे ती लिहितो, हसू नकोस. ऑक्टोबरात दारफाळणीचा सण आहे. तुम्ही तिकडे त्याला योम किपूर म्हणता. पेणला आम्ही घर सारवून, पांढरे कपडे घालून, उपास धरून सांजेला दार लावून घ्यायचो. मग कुणी आत यायचं नाही की बाहेर जायचं नाही. त्या सांजेला घरची मेलेली माणसं भेटायला येतात आणि सण संपल्यावर दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात, असं आजी सांगायची. मशिदीत प्रार्थना सांगणारे हजान म्हणायचे, हे ग्रंथात कुठे नाही. पण आम्ही मानायचो.

आणि सेहेचाळीस साली माझे वडील खरंच आले. दार लावून झालं होतं, दिवा लागला होता, आणि दारावर थाप पडली. त्यांचा आवाज मी ओळखला, जरा बसलेला होता, पण तोच. "शालू, दार उघड. मी आलोय." मी उठलो, तर आईने माझ्या तोंडावर हात दाबला. तिचा हात बर्फासारखा होता. पुन्हा थाप. "पाणी तरी दे." आई किंचाळली, "नको, उघडू नका." आजीने मला घट्ट धरलं आणि कानात म्हणाली, "मेलेल्याला दार लागत नाही. जो दार मागतो त्याला उघडू नये." बराच वेळ बाहेर कुणीतरी उभं होतं. त्याचा श्वास ऐकू येत होता. मग वाळलेल्या पाल्यावर पावलं वाजली.

एकदा आले ते पुन्हाही येतील. या वर्षी मी पेणला नाही. ते मला शोधत इथे येतील, जपान्यांच्या गावात, आणि नातवाला जपान्याच्या नोकरीत बघतील. शेजारी तो म्हातारा. विचारतील, शालू, हे काय? मी काय सांगू?

शालोम


दिमोना
२० जुलै २००३

शालोमदादा,

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. आत्ता फक्त एकच विचारते. लगेच लिहा. नंतर दार उघडलं तेव्हा उंबऱ्याबाहेर काही ठेवलेलं सापडलं होतं का?

केतुरा


निशी-कसाई
१४ ऑगस्ट २००३

केतुरा,

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहून फाडलं. तुला हे कसं कळलं?

सापडलं होतं. खाकी रुमालात बांधलेला सिसीतीचा गोंडा. माणूस गेल्यावर त्याला त्याची सिसीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, पांघरून पुरतात, आणि त्याआधी तिच्या एका कोपऱ्याचा गोंडा कापतात, हे तुला सांगायला नको. कापलेला गोंडा म्हणजे मेलेल्याची खूण. गाठी आजीनेच मारलेल्या, तिने बोटाने चाचपून ओळखल्या. म्हणाली, मुसाजीचा आहे. आता सांग, मुसाजीच्या पुरलेल्या शालीची खूण मुसाजीशिवाय कोण आणणार? गावात हे कुणाला सांगायचं नाही, अशी तिने आम्हाला शपथ घातली. आईने मरताना तो गोंडा मला दिला. इथे तो माझ्या बॅगेत आहे. रूबेनलाही दाखवलेला नाही. मग दिमोनात बसून तू कसं विचारलंस?

इथे सध्या जपान्यांच्या मेलेल्या माणसांचे दिवस चालू आहेत. त्यांचेही पितर या दिवसांत घरी येतात म्हणे. इशिकावाने दाराशी कागदी कंदील टांगलाय, त्यांना घर सापडावं म्हणून. जाता-येता मी त्याच्या दाराकडे पाठ करून भिंतीला घासत जातो.

रूबेनने मला न विचारता त्याला गाठून सरळ विचारलं, हिंदी शब्द कुठून शिकलात. तो म्हणतो, मी ब्रह्मदेशात होतो, आम्ही हरलो तेव्हा कैदी झालो. आमच्यावर पहारा हिंदी शिपायांचा होता. दगड फोडताना ते ओरडायचे, जल्दी, काम करो. पाणी मागायचं असेल तर पानी म्हणायला लागायचं, आधी सलाम करून. रूबेन म्हणाला, "पप्पा, तो तुम्हाला घाबरतो. म्हणाला, तुमचे वडील माझ्याकडे त्या पहारेकऱ्यांसारखे बघतात."

असेल. पण असं कुणीही सांगेल. मी मारत होतो असं कोण कबूल करील?

तू मात्र लिही. तुझ्या प्रश्नाचीच मला आता त्याच्यापेक्षा जास्त भीती वाटते.

शालोम


दिमोना
४ सप्टेंबर २००३

शालोमदादा,

मला काही ठाऊक नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. लाजेने लिहिलं. बसून वाचा.

बाबा दवाखान्यात शेवटच्या दिवसांत एकदाच बोलले. नव्या फौजेत त्यांनी नाव दिलं तेव्हा मुसाजीकाकांशी त्यांचं मोठं भांडण झालं. बाबा म्हणाले, "आपला बाप इंग्रजांसाठी मेला. त्याच्या कबरीची जागा तरी त्यांनी सांगितली का? आता आपल्या देशासाठी लढू." काका म्हणाले, "हसा, हे ज्यांचे दोस्त आहेत ते तिकडे आपल्या माणसांचं काय करतायत ते ऐकलंस ना? मी जाणार नाही." दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, असं बाबा म्हणाले, आणि म्हणूनच ते भांडण मिटेना.

पुढे जे झालं ते मी माझ्या मुलांनाही सांगितलेलं नाही. जे कैदी नव्या फौजेत आले नाहीत, त्यांच्या छावणीवर पहाऱ्याला नव्या फौजेतली माणसं लावली. त्यात बाबा होते. तारेच्या आत काका, बाहेर बंदूक घेऊन बाबा. तो पहारेकरी माझा बाप होता, दादा. तुम्ही जपान्याच्या तोंडून ऐकून घाबरलात ते शब्द बाबांनीही काकांच्या बराकीला ओरडून म्हटले असतील.

काकांना हगवण लागली. बाबा रोज आपल्या वाटणीतलं तारेतून आत द्यायचे, पण पोटात काही राहत नव्हतं. ते गेले तेव्हा बाबा आत त्यांच्याजवळ होते. खड्डा बाबांनी खणला. शाल पांघरली, गोंडा कापला आणि जवळ ठेवला, वहिनीला आणि आईला खूण म्हणून. कदिशला लागतात ते दहा यहुदी नव्हते तरी एकट्याने म्हटला. ती हनुक्याची, आपल्या दिव्यांच्या सणाची, तिसरी वात होती, त्रेचाळीस सालची. ही तुमची तिथी.

सुटून आले ते तडक पेणला निघाले. लोकांनी हार घालू नयेत म्हणून अंधार पडायची वाट बघून गावात शिरले. तो दारफाळणीचा दिवस आहे हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. काका गेल्यापासून सण कुठला पाळला होता? लहानपणी तुम्हाला खांद्यावर बसवायचे, म्हणून पहिली हाक तुम्हाला मारली. आतून वहिनीचा आवाज आला, "उघडू नका." त्यांना वाटलं, भावाला मारून आलेल्याला ती घरात घेत नाही. गोंडा ठेवून ते निघाले. मरेपर्यंत त्यांना तेच वाटत होतं.

तुमच्या पत्रांवरून मला आता कळलं की तुम्ही सगळे घाबरला होतात. बस, एवढंच होतं. हे त्यांना सांगायला आता कुणी नाही. मी आज दुपारी त्यांच्या कबरीवर जाऊन मोठ्याने सांगितलं. बाजूला एक बाई फुलं ठेवत होती, ती दूर सरकली.

केतुरा


निशी-कसाई
७ ऑक्टोबर २००३, शिळा सण

केतुरा,

तुझं पत्र आल्यापासून मी आजीचाच विचार करतोय. ती रोज ज्याची वाट बघायची तो आला, आणि तिनेच मला धरून ठेवलं. तिला हे कळलं नाही, ही देवाची दया म्हणायची की शिक्षा, मला समजत नाही. भीती गेली असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पण गेली नाही. आता एकाच्या जागी दोघांची भीती वाटायला लागली. दारफाळणीला बाबा येतील, काकाही येतील, आणि काका तर रागावून गेलेले.

परवा सांजेला आम्ही पांढरे कपडे घातले. सूनबाईने पेणसारखंच सगळं केलं. रूबेन माझ्यासाठी लवकर घरी आला. नुपूरलाही बजावून ठेवलं, उद्या तारे दिसेपर्यंत दार उघडायचं नाही. दार लावलं. मी गोंडा खिशातून काढून मुठीत धरला.

थोड्या वेळाने दिव्याची ज्योत हलायला लागली. मग भांडी वाजली. मग भिंत. या आधी हललं होतं तसं नाही, जोरात. सूनबाई टेबलाखाली गेली, रूबेन मला ओढायला लागला. नुपूर चप्पल हातात घेऊन दाराशी उभी राहिली आणि दार न उघडता माझ्याकडे बघत राहिली. मी नको म्हटलं होतं ना. ती जागची हलेना. तिचे ओठ पांढरे पडले होते.

आणि दारावर थाप पडली.

केतुरा, मी अकरा वर्षांचा झालो. बाहेरून बसलेल्या आवाजात कुणीतरी माझं नाव घेतंय असं वाटलं. पुन्हा थाप. माझ्या तोंडावर आईचा हात आला, तोच थंड हात, आणि कानात आजी. मला खात्री होती की बाहेर काका उभे आहेत. जमीन हलत होती की मीच हलत होतो कळत नव्हतं. नुपूर म्हणाली, "आजोबा." मराठीत म्हणाली.

मी जाऊन दार उघडलं. नुपूरने फटीत चप्पल घातली.

बाहेर इशिकावा-सान होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात बॅटरी, पायांत दोन वेगळ्या सपाता. आमचं दार नेहमीसारखं उघडलं नाही, म्हणून पोर आत अडकली असं वाटून आला होता. बॅटरी माझ्यावर पडली आणि तोच ओरडून मागे भिंतीला टेकला. त्यांच्याकडे मेलेल्या माणसाला पांढरं नेसवतात, आणि समोर आम्ही पांढऱ्या कपड्यांत, मागे दिवा. नुपूर त्याचा हात धरून जपानीत भराभर सांगायला लागली. एवढ्यात हलायचं थांबलं.

तो दारातच खाली बसला. छाती धपापत होती. माझ्याकडे बघून त्याने हात कपाळाला लावला, सलाम केला, आणि म्हणाला, "पानी."

दारफाळणीच्या दिवशी परका माणूस घरात घ्यायचा नसतो. आमच्या घशातही थेंब जायचा नव्हता. मी आत जाऊन पेला भरून आणला आणि त्याच्यासमोर वाकून दिला. देता-घेताना निम्मं पाणी उंबऱ्यावर सांडलं. उरलेलं तो प्याला. सूनबाई त्याला म्हणाली, आत बसा. तो आत आला आणि बराच वेळ आमच्याबरोबर बसला, हेल्मेट मांडीवर ठेवून. आम्ही प्रार्थना म्हणत होतो, तो मान खाली घालून ऐकत होता. दार तसंच चप्पल अडकवून ठेवलं. पुन्हा हलेल म्हणून, असं मी रूबेनला सांगितलं.

आज शिळा सण. आलेले परत गेले असतील. मी जागाच होतो, पण मला कुणी काही विचारलं नाही. भीती अजून आहे, आज सकाळी ट्रक गेला तरी मी खुर्ची धरली. नुपूर मात्र शाळेतून आली की पुन्हा शेजारी जाते, टोमॅटो संपले, आता मुळे लावलेत म्हणे.

रूबेनने चौकशी केली. तोक्योत आपल्या लोकांचं एक प्रार्थनाघर आहे, शनिवारी दहा पुरुष जमतात. डिसेंबरात हनुक्याच्या तिसऱ्या वातीला मी तिथे बाबांचा कदिश म्हणणार आहे. हसाजीकाकांची तिथी तू लिहिली नाहीस. ती कळव. त्यांना मुलगा नव्हता, मी म्हणेन.

त्यांनी त्या दिवशी पाणी मागितलं होतं. ते तू तुझ्या बापाच्या कबरीवर एक पेला ओत, आणि सांग, शालूने दिलं.

तुझा भाऊ,
शालोम